लाल चिठ्ठी

२७ जानेवारी २०००, गुरुवार

नम्रताच्या कंपनीने नवीन वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. सोनेरी कडा, प्लॅस्टिकचं कव्हर, वर इंग्रजीत नव्या सहस्रकाच्या शुभेच्छा. पोरीला जे लिहायचं ते ती कॉम्प्युटरवर लिहिते, म्हणून ही माझ्या गळ्यात पडली. सव्वीस पानं कोरी गेली. आज लिहायला बसलोय कारण बोलायला घरात कुणी नाही. म्हणजे माणसं आहेत, पण बोललं की भांडण होतं.

तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात एक्झामिनर म्हणून नोंदी केल्या, तेव्हा इथेही रीतसरच लिहितो. आज सकाळी जालंधरहून परत आलो. मी, माझा मुलगा दिग्विजय आणि त्याचे वस्ताद रज्जाकभाई. दिगू चोवीस वर्षांचा, नव्वद किलोचा. राष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धेत हेवीवेट गटात उतरला होता. रविवारी सेनादलाच्या एका पोराने दुसऱ्या राऊंडला त्याला पाडला. हूकचा आडवा ठोसा कानाच्या वर बसला. पंचाने दहा मोजले, पन्नास मोजले असते तरी फरक पडला नसता. दीड मिनिट डोळे उघडे, पण आत कुणी नाही. मी खुर्ची सोडून रिंगकडे पळालो तर एका स्वयंसेवकाने मला अडवलं. त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, ‘‘बाबा, माझी चप्पल कुठाय?’’ मला ओळखलं, चप्पल आठवली. म्हणजे ठीकच होता.

गाडीत मात्र डोकं खाल्लं. ‘‘बाबा, मी कितव्या राऊंडला पडलो?’’ चार वेळा विचारलं. चौथ्यांदा मी ओरडलो, ‘‘दुसऱ्या! आता पाटी लिहून गळ्यात अडकवू का?’’ शेजारचा सरदारजी दचकून उठला. दिगूने चादर डोक्यावरून ओढून घेतली. हरल्याचं मनाला लावून घेतलंय त्याने.

तिथल्या डॉक्टरने त्याच्या पुस्तकात लिहून दिलंय. बॉक्सरचं एक पुस्तक असतं, त्यात प्रत्येक लढत आणि प्रत्येक मार लिहितात. डिसेंबरात नाशिकलाही तो एकदा असाच आडवा झाला होता, त्यामुळे आता दुप्पट कडक शेरा. नव्वद दिवस रिंगमध्ये उतरू नये, सरावसुद्धा नको, मेंदूचा स्कॅन करावा.

डॉक्टर लोकांना लिहायला काय जातं!

२ फेब्रुवारी, बुधवार

आज आमच्या कारखान्यातल्या श्यामला मेमो मिळाला. माझ्या रिपोर्टमुळे.

त्याच्या हातून फ्यूजचा ट्रे पडला. तोफगोळ्याच्या टोकाला बसतो तो फ्यूज. या शहाण्याने इकडेतिकडे बघितलं, फ्यूज उचलले, पुसले आणि परत ओळीत लावले. मला ट्रेचा कोपरा चेपलेला दिसला म्हणून कळलं. नियम लहान पोरालाही समजेल इतका साधा आहे. पडलेला फ्यूज पुन्हा ओळीत लावायचा नाही. ओरखडासुद्धा नसला तरी नाही. त्याला लाल चिठ्ठी बांधायची, लाल पेटीत ठेवायचा आणि वहीत लिहायचं.

श्याम रडकुंडीला आला. ‘‘काका, काहीच झालं नाही हो त्याला. बघा ना, नवाकोरा दिसतोय.’’

मी म्हटलं, ‘‘नवाकोरा दिसतोय हीच तर भीती आहे, बाळा. फुटका दिसला असता तर सगळे लांब राहिले असते. आत काय हललंय ते तुला दिसतंय का?’’

त्याची बायको बाळंतपणाला गेली आहे म्हणे, लक्ष नव्हतं. लक्ष नसेल तर रजा टाकावी. तीस वर्षांत माझ्या हाताखालून पडलेला एक नग पुढे गेलेला नाही, आणि तो जाणारही नाही.

घरी आलो तर दिगू दुपारपासून झोपलेला. माझी बायको गोदा म्हणाली, ‘‘पोट्टं सारखं झोपूनच राह्यते, अवो. हाक मारली तं ऐकूच येत नाही त्याले.’’ पुण्यात येऊन तीस वर्षं झाली, हिची भंडाऱ्याची बोली काही जात नाही. म्हटलं, थकलाय. नव्वद किलोचं इंजिन, थंड व्हायला वेळ लागणारच.

८ फेब्रुवारी, मंगळवार

नोटीस लागली! आठ वर्षं भरती बंद. बापानंतर मुलाला घ्यायची पद्धत केव्हाच गेली, सगळीकडे खाजगीकरणाचं वारं आणि आमच्याकडे रिकाम्या झालेल्या जागांना कुलपं. आणि आज खेळाडू कोट्यातून तीन जागा, त्यात एक बॉक्सिंगची. अट दोनच. या वर्षीचं राज्य पातळीवरचं सुवर्णपदक, आणि एकतीस मेला वय पंचवीसच्या आत. दिगूला अकरा जूनला पंचवीस पूर्ण होतात. एवढंसं भोक आणि माझं धिप्पाड पोर त्यातून अंग चोरून निघतंय. यानंतर दार बंद. बारावी नापास मुलाला पुण्यात कोण विचारतो आता? कॉम्प्युटर येतो का, इंग्रजी येतं का, नाही येत तर गेटवर उभा राहा शिट्टी घेऊन. मी दोन वर्षांनी रिटायर होणार, खडकीचं हे क्वार्टर जाणार. तो चिकटला तर सगळं जागच्या जागी राहील.

राज्य स्पर्धा बारा मार्चला आहे. आपल्याकडे हेवीवेटला माणसंच नसतात. पन्नास किलोला तीस पोरं मारामारी करतात, हेवीवेटला तीन नावं आली तर संघटनेला दिवाळी वाटते. पण नव्वद दिवस संपतात एप्रिलच्या बावीसला. पुस्तकातला शेरा बघितला की दिगूला वजनकाट्यावरूनच परत पाठवतील.

संध्याकाळी दिगूला दुधाला पाठवलं. दोन पिशव्या आणल्या. तासाभराने आपणहून उठला आणि आणखी दोन घेऊन आला. फ्रिज उघडून दाखवला तर नुसता हसला. मी नोकरीचं बोलायला लागलो की याला असले चाळे सुचतात. मुद्दाम करतो.

१३ फेब्रुवारी, रविवार

दिगूला घेऊन कसबा पेठेत गेलो. रज्जाकभाईंचं घर आणि तालीम एकाच गल्लीत. दिगू सोळा वर्षांचा असल्यापासून तिथे जातोय. दिगूला तालमीत पोरांकडे पाठवलं आणि मुद्द्याला हात घातला. पुस्तक प्रवासात हरवलं असा अर्ज द्यायचा, नवीन कोरं पुस्तक मिळतं, अर्जावर वस्तादाची सही लागते.

रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, ‘‘हरवलं का? अरेरे. मग तुमच्या शर्टाच्या खिशातून डोकावतंय ते काय आहे, रंगनाथराव?’’

मी ओशाळलो. नसीमबानू वहिनी चहा घेऊन आल्या, चहाला करपल्याचा वास. म्हणाल्या, ‘‘माफ करा हं भाऊ, यांना दुधापाशी बसवून मी खाली गेले होते. दुधाचा कोळसा झाला तरी यांना पत्ता नसतो. चौऱ्याहत्तर सालापासून नाकाला वास म्हणून नाही.’’

‘‘आणि ठोसा काही नाकाला लागला नव्हता,’’ रज्जाकभाईंनी डोक्याच्या मागे बोट लावलं. ‘‘इथे. तीन आठवड्यांनी परत उतरलो होतो. आमच्या वेळेला लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. आता लिहितात, तर तुम्ही खोडायला निघालात.’’

‘‘तुम्ही तुमच्या नाकाचं सांगताय,’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या पोराच्या पोटाचं काय?’’

‘‘पोटाला काहीतरी मिळेल. माझी सही मिळणार नाही. आणि नव्वद दिवस त्याने माझ्या तालमीत दोरीच्या उड्यासुद्धा मारायच्या नाहीत.’’

उठलो. आठ वर्षांचे संबंध, आणि एका सहीला महाग! गल्लीच्या तोंडाशी आलो तर दिगू उजवीकडे वळायचं सोडून डावीकडे निघाला. हाक मारली तर उभा राहून म्हणाला, ‘‘बस कुठून जाते आपली?’’ आठ वर्षं रोजची वाट! रज्जाकभाई नाही म्हणाले ते त्याने ऐकलं असणार. रुसला होता.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

काम झालं. संघटनेचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण यांना भेटलो. फार विचारत बसले नाहीत. ‘‘पुस्तकं काय हो, हरवतात. हेवीवेटला पोरगं मिळतंय हेच खूप.’’ वस्तादाच्या जागी पालक म्हणून मीच सही केली. जालंधर ते पुणे प्रवासात गहाळ.

दिगूनेही सही केली. ‘दिग्वि’ इथवर लिहून पेन खाली ठेवलं. ‘‘झाली ना, बाबा?’’ म्हटलं, ‘‘अर्धी कुणी करायची, शेजाऱ्याने?’’ मग पुरी केली, उतरती, ओळ सोडून. धांदरट तो धांदरटच.

खोटं लिहिलं का? लिहिलं. दिवसभर घास गोड लागला नाही. पण कुणाचं काय नुकसान केलं? जुनं पुस्तक या डायरीच्या कव्हरमागे सरकवून ठेवलंय. सरकारी कागद फेकायची मला सवय नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार

तालीम नाही तर नाही, जग काही कसब्यात संपत नाही. विश्रांतवाडीला एक व्यायामशाळा आहे, तिथे दोन मोठ्या वजनाची पोरं येतात. सकाळी दिगूला नेलं. ‘‘बाबा, वस्ताद नको म्हणाले होते ना?’’ असं दोनदा म्हणाला. मी म्हटलं, ‘‘वस्ताद नोकरी देणार आहेत का?’’ मग पट्ट्या बांधायला हात पुढे केले. हा मुलगा लहानपणापासून असाच, मी सांगितलं की ऐकतो. रिंगमध्ये एवढा दांडगा, पण घरी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

हेल्मेट होतं. तिसऱ्या मिनिटाला एक ठोसा बसला, हलकाच, मी स्वतः पाहिला. दिगू खाली बसला. म्हणजे पडला नाही, बसला. मग मोरीत जाऊन ओकला. सकाळी मिसळ खाल्ली होती, तीच बाधली. घरी गोदाला काही सांगितलं नाही.

५ मार्च, रविवार

आज घरात महाभारत झालं. गोदा मंडईत गेलेली. मी बाहेरून आलो तर जिन्यापर्यंत धूर. स्वयंपाकघरात दिगू पेपर घेऊन बसलाय आणि दोन हातांवर शेगडीवरचं दूध जळून पातेलं काळं झालंय. ‘‘नाक काय गहाण टाकलंस का रे?’’ मी ओरडलो. त्याने पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘अरेच्चा!’’

नम्रता माझ्यावर उखडली. ‘‘बाबा, धिस इज नॉट नॉर्मल. मी अपॉइंटमेंट घेते, स्कॅन करून टाकू या.’’

‘‘स्कॅन करायला तो काय तुझा कॉम्प्युटर आहे?’’

‘‘कॉम्प्युटरचं कौतुकच सांगते तुम्हाला. एकतीस डिसेंबरला साल बदललं की काहीतरी बिघडेल म्हणून वर्षभर आम्ही एकेक ओळ तपासली. काहीही बिघडलेलं नव्हतं, तरी तपासली. आणि घरातला माणूस नाही तपासायचा?’’

पोरगी शिकली की अशी बोलते. गोदा पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘‘काहून हट्ट करता, अवो? दाखवून द्या ना एकडाव.’’ मी सांगितलं, बारा तारीख होऊ द्या, मग काय वाटेल ते तपासा.

इथे कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. मला भीती वाटते. काही निघालं तर? निघालं तर सगळंच गेलं. बघितलंच नाही तर निघणार नाही.

१२ मार्च, रविवार

सुवर्णपदक!!

रात्री झोप नव्हती. नवीन पुस्तकावर वजनकाट्याशी शिक्का पडेपर्यंत मी दारातच उभा होतो. हेवीवेटला दोनच नावं आली, दिगू आणि नागपूरचा एक जण. बघतो तर रज्जाकभाई आलेले! खांद्यावर टॉवेल. मी म्हटलं, ‘‘तुम्ही तर येणार नव्हता.’’

‘‘मी नसलो तर लढत थांबवायला टॉवेल कोण टाकणार? तुम्ही?’’ एवढंच बोलले आणि दिगूचे हात बांधायला बसले. बांधताना त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते, दिगू मान हलवत होता.

नाव पुकारलं. दिगू रिंगमध्ये चढला. समोरचा कोपरा रिकामा. पुन्हा पुकारलं, पुन्हा रिकामा. नागपूरचा गाडी चुकल्यामुळे आलाच नाही! पंचाने दिगूचा हात वर केला. एक ठोसा न मारता, एक ठोसा न खाता. मी लहान मुलासारख्या उड्या मारल्या, शरम वाटली नाही.

खाली उतरल्यावर दिगूने विचारलं, ‘‘बाबा, मी जिंकलो? कुणाला हरवलं?’’

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रज्जाकभाई हसले नाहीत. टॉवेलची घडी करून पिशवीत ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘अल्लाने आज तुमची लाज राखली. आता तरी त्याला डॉक्टरकडे न्या. मी तुमच्या पाया पडतो, रंगनाथराव.’’ एवढा मोठा माणूस खरंच वाकायला लागला. मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, नेतो, नोकरीचं पत्र तेवढं हातात पडू द्या.

२५ एप्रिल, मंगळवार

भरतीची वैद्यकीय तपासणी झाली. उंची, वजन, छाती, डोळे, सगळं पास. फॉर्मवर एक प्रश्न होता, पूर्वी कधी बेशुद्ध पडला होता का. मी घरूनच पढवून नेलं होतं, नाही म्हणायचं. आत गेल्यावर हे महाराज म्हणाले, ‘‘मला आठवत नाही.’’ डॉक्टर खो खो हसले. ‘‘बेशुद्ध होता तर आठवणार कसं, बरोबर आहे!’’ आणि नाहीवर खूण केली. बाहेर येऊन त्याने हे मला सांगितलं तेव्हा मीही हसलो. पोराला वेळेवर विनोद सुचतो.

नव्वद दिवस शनिवारी संपलेसुद्धा. काय झालं? काही नाही.

१ जून, गुरुवार

दिग्विजय आज कामावर रुजू झाला. माझ्या शेजारच्या हॉलमध्ये, ट्रे उचलून ओळीपर्यंत न्यायचं काम. गेटमधून आम्ही दोघं बरोबर आत गेलो. सगळ्यांना पेढे वाटले, श्यामलासुद्धा दिले. तो म्हणाला, ‘‘काका, मुलगा झाला मला. तेव्हा तुम्हाला पेढे द्यायचे राहिले.’’ मेमोमुळे राहिले असतील. चांगला आहे पोरगा, मनात ठेवलं नाही त्याने.

गोदाने देवापाशी साखर ठेवली. नम्रताने दिगूला मनगटी घड्याळ आणलं. म्हणाली, ‘‘बाबा, आता स्कॅन?’’ मी म्हटलं, ‘‘नवीन नोकरी आहे, लगेच रजा मागितली तर बरं दिसत नाही.’’ ती उठून गेली.

६ जुलै, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत श्याम माझ्याजवळ येऊन बसला. आवाज खाली करून म्हणाला, ‘‘काका, काळजी करू नका. कुणी बघितलं नाही.’’

‘‘काय बघितलं नाही?’’

‘‘दिगूच्या हातून ट्रे पडला सकाळी. उजवा हात एकदम गळतो त्याचा. महिन्याभरात तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा रिकामे होते, आज भरलेला होता. मी फ्यूज उचलले, पुसले आणि लावले परत ओळीत. तो नुसता उभा होता हो, कुठे ठेवायचे तेच त्याला सुचेना. घाबरू नका, मी सांभाळून घेतो त्याला. तुमचा मुलगा म्हणजे आमचाच.’’

त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला त्याच्याकडे बघवेना. याच पोराला मी मेमो दिला होता.

डबा तसाच झाकला. आत जाऊन लाइन थांबवली. सगळा ट्रे बाहेर काढला, एकेक फ्यूज. चोवीस नग. चोवीस लाल चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने बांधल्या. दिगू शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘‘बाबा, चांगले आहेत की ते.’’

वही उघडली. कधी पडला, सकाळी सव्वादहा. किती उंचीवरून, कमरेइतक्या. कुणाच्या हातून, दिग्विजय. पुढचा रकाना, पडल्यावर पुन्हा ओळीत कुणी लावला. श्याम पाठीमागे उभा होता. म्हणाला, ‘‘लिहा काका, माझं नाव लिहा.’’ मी माझं लिहिलं. रंगनाथ, एक्झामिनर.

श्याम म्हणाला, ‘‘अहो, हे खोटं आहे.’’

खोटं नव्हतं.

मग साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जालंधर, पुस्तक, अर्ज, विश्रांतवाडी, सगळं. त्यांनी मला पाणी दिलं.

११ जुलै, मंगळवार

काल स्कॅन झाला, आज डॉक्टरांना भेटलो. आम्ही चौघंही होतो. डॉक्टर तरुण होते. काळी फिल्म उजेडावर धरून म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, जुनं आहे, ऑपरेशन करून काढता येईल. पण त्याखालचं जे दुखावलंय ते सगळं भरून येणार नाही. हात, वास, स्मरण, किती परत येईल सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘हे असं कधीपासून आहे?’’

गोदाने माझ्याकडे बघितलं. नम्रतानेही. दिगू खिडकीतून बाहेर बघत होता.

मी म्हटलं, ‘‘लिहून ठेवलंय माझ्याकडे.’’

ही डायरी पिशवीतून काढली आणि वाचायला लागलो. सत्तावीस जानेवारी, गाडीत एकच प्रश्न चार वेळा विचारला. दोन फेब्रुवारी, दुपारपासून झोप. आठ फेब्रुवारी, दूध दोनदा आणलं. शेजारी मीच लिहिलंय, मुद्दाम करतो. तेरा तारीख, ओळखीची वाट चुकला. रुसला होता म्हणे. सतरा, अर्धी सही. धांदरट. सगळं होतं. तारीखवार, रीतसर, एक दिवस इकडचा तिकडे नाही. तीस वर्षांची सवय. वाचताना माझा आवाज मलाच ऐकवेना, पण थांबलो नाही.

डॉक्टर लिहून घेत होते. सत्तावीस फेब्रुवारीच्या नोंदीला त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘याला रिंगमध्ये कुणी उतरवलं? जालंधरला कुणी काही सांगितलं नव्हतं?’’

कव्हरमागचं जुनं पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी शेरा वाचला, तारीख बघितली.

मी विचारलं, ‘‘हे पाळलं असतं तर?’’

‘‘ते आता विचारू नका,’’ असं म्हणाले. चांगला माणूस आहे. मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

दिगूची नोकरी गेली. आपणहून सोडली असं लिहून द्यायला सांगितलं आहे. माझी चौकशी बसली आहे, बसू दे. मी माझ्या पोराचं वाटोळं केलं. हे एक वाक्य लिहायला मला सहा महिने लागले.

घरी आलो तर रज्जाकभाई आणि नसीमबानू वहिनी दारात बसलेले. वहिनी गोदाला घेऊन आत गेल्या. रज्जाकभाई दिगूच्या शेजारी पलंगावर बसले आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट दाबत राहिले.

थोड्या वेळाने दिगू माझ्याकडे वळला. ‘‘बाबा, मी कितव्या राऊंडला पडलो?’’

‘‘दुसऱ्या.’’

‘‘मग काय झालं?’’

‘‘मग मी तुला उचललं आणि परत ओळीत लावलं.’’

‘‘काहीही काय, बाबा!’’ तो हसला. रज्जाकभाईंनी खाली मान घातली.

चहा झाला. दिगूने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.